मीटरवाली आत्या आणि दोन घरांतली मोटारसायकल

माझी आत्या विजेचे मीटर वाचायची. वडिलांची ही थोरली बहीण आमच्याच घरी, मागच्या खोलीत राहायची. तिनं लग्न केलं नव्हतं आणि का केलं नाही हे विचारायची आमच्यापैकी कोणाची छाती झाली नाही. सकाळी खांद्याला पिशवी, हातात बॅटरी आणि पायात कापडी बूट घालून ती जी निघायची ती संध्याकाळी परतायची. बूट काढताना एकटीच हसायची. विचारलं तर म्हणायची, "अगं, लोक कुठं काय काय ठेवतात, सांगितलं तर खोटं वाटेल."

मीटर कधी दर्शनी खोलीत नसतो. तो असतो जिन्याखाली, न्हाणीच्या मागं, नाहीतर मोडकी कपाटं टाकलेल्या पडवीत. पाहुण्यांना जे कधी दाखवत नाहीत ते सगळं आत्यानं पाहिलेलं होतं. नवऱ्यापासून लपवलेली शिलाई यंत्रं, बायकोपासून लपवलेल्या बाटल्या, एका घरात तर चक्क एक शेळी. या कानाचं त्या कानाला तिनं कधी केलं नाही. म्हणूनच दारं तिला लगेच उघडायची, आणि भुंकणारी कुत्रीसुद्धा तिला पाहून शेपटी हलवत बाजूला व्हायची.

मग आपला आकडा आपणच ऑफिसला कळवणारे मीटर आले. आत्याला आणि तिच्यासारख्या सगळ्यांना ऑफिसनं एक हार घातला आणि वेळेआधीच घरी बसवलं.

घरी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. तिनं आमचंच घर तपासायला घेतलं. खोलीतून बाहेर पडताना दिवा राहिला की मागून हाक यायची, फ्रिजचं दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं की ती घसा खाकरायची. आईच्या नाकी नऊ आले. शेवटी वडील हात जोडून म्हणाले, "ताई, रोज थोडं फिरून ये ना. तुझ्या पायांना सवय आहे."

"माझ्या पायांची काळजी आहे की तुझ्या बायकोच्या डोक्याची?" आत्या म्हणाली. पण बूट घालून निघाली.

आमच्या रस्त्याच्या टोकाला सुताचं एक जुनं गोदाम होतं. तिथं नुकतीच दुर्मीळ मोटारसायकलींची शोरूम निघाली होती. मोठ्या काचा, गुळगुळीत फरशी आणि तिच्यावर ओळीनं उभ्या केलेल्या गाड्या. काही आमच्या आजोबांच्या वयाच्या, काही अशा की तसल्या जगात मोजक्याच उरल्या होत्या. विकत घेणारे थोडे, बघणारेच फार. शनिवार-रविवारी लोक हात मागं बांधून गाड्यांभोवती फिरायचे, वाकून इंजिनं बघायचे आणि सुस्कारा सोडून घरी जायचे. मालक उंच, सडपातळ, डोक्याला पूर्ण टक्कल. खांद्यावर कायम फ्लॅनेलचं फडकं. बोलता बोलता तो कुठलीतरी टाकी पुसत असायचा.

आत्या आत शिरली ती निव्वळ ऊन लागलं म्हणून. मोटारसायकलीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण एका काळ्या गाडीसमोर ती थबकली आणि म्हणाली, "अशीच एक त्या रंगाऱ्याच्या जिन्याखाली आहे. तो तिच्यावर कांद्याची पोती ठेवतो."

मालकाच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"कुठं म्हणालात, ताई?"

"जिन्याखाली. डाव्या हाताला. मीटर वाचायला तिच्यावरूनच वाकावं लागायचं."

तिथून आत्याचं दुसरं आयुष्य सुरू झालं. गावातल्या कुठल्या अंधाऱ्या कोपऱ्यात काय पडलंय याचा नकाशा तिच्या डोक्यात होता, फक्त त्यातल्या कशाला मोल आहे हे तिला माहीत नव्हतं. ते मालकाला माहीत होतं. ती वर्णन करायची, तो अंदाज बांधायचा. बरेचदा तिची मोटारसायकल म्हणजे गवत कापायचं यंत्र निघायचं. पण अधूनमधून खरंच काहीतरी हाती लागायचं आणि मालक लहान पोरासारखा हात चोळायचा.

मात्र आत्याची स्वतःची एक रीत होती आणि त्यावरून दोघांची जुंपायची. ती कोणाच्या दारात जाऊन लगेच किमतीचं बोलायची नाही. आधी चहा, मग गुडघेदुखी, मग पोराबाळांची चौकशी, आणि उठता उठता, "ती जिन्याखालची गाडी कोणाची हो?" एकदा एका म्हाताऱ्या शिंप्यानं गाडी दाखवायला पडदा सारला आणि टाकीवर हात ठेवून नुसताच उभा राहिला. आत्यानं परत येऊन मालकाला सांगितलं, "ती मिळणार नाही."

"नाही म्हणाला का तो?"

"तो काहीच म्हणाला नाही. तुम्ही उगाच जाऊन त्याला मोहात पाडू नका."

"ताई, मी दुकान उघडलंय, आश्रम नाही!" मालक चिडून म्हणाला. पण गेला नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते.

मालकाच्या टेबलामागच्या भिंतीवर एका मोटारसायकलीचा चौकटीत लावलेला फोटो होता. दोन सिलिंडरचं इंजिन, नासपतीच्या आकाराची टाकी, पुढच्या दिव्याभोवती जाड पितळी कडं. ती बनवणारा कारखाना दोनेक वर्षांतच बुडाला होता, त्यामुळे गाड्या निघाल्या त्याच मूठभर. मालक म्हणायचा, "ही एकदा डोळ्यांनी बघितली की मी मरायला मोकळा." हा फोटो आत्याच्या डोळ्यांसमोर कितीतरी महिने होता. एक दिवस तिथं चहा पिताना ती एकदम कप खाली ठेवून उभी राहिली.

"ही टाकी मी पाहिलीय. कपाटावर ठेवलेली. आणि ते पितळी कडं खिळ्याला अडकवलेलं."

"आणि बाकीची गाडी?"

"चाकं होती, हँडल होतं. सगळा सांगाडा छताच्या वाशांना टांगलेला. पण तिला पोट नव्हतं." आत्यानं डोळे मिटले. मीटर आठवताना ती असेच डोळे मिटायची. "पोट शेजारच्या घरात आहे. टेबलावर, घोंगडीत गुंडाळून ठेवलेलं. मला वाटायचं पीठ मळायचं मशीन असेल."

ती दोन्ही घरं एकाच भिंतीला चिकटलेली होती आणि त्यांत दोन सख्खे भाऊ राहत होते. थोरला बेकरीत भट्टीवर होता. रात्रभर काम आणि दिवसभर झोप. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूल नाही. धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो सकाळी निघायचा, तेव्हा थोरला घरी परतून आडवा झालेला असायचा. धाकट्याच्या दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेल्या होत्या. भावाभावांचं बोलणं जवळजवळ वीस वर्षं बंद होतं. दोन अंगणांमधल्या बुटक्या भिंतीवरून जे काही जायचं-यायचं ते धाकट्याच्या बायकोच्या हातून. ती जेवणाचा डबा भिंतीवर ठेवायची आणि थोडा वेळ दुसरीकडे बघायची. मग डबा नाहीसा व्हायचा आणि त्या जागी ताजा पाव आलेला असायचा.

भांडण या मोटारसायकलीवरूनच होतं, हे आत्याला त्याच बाईकडून कळलं. गाडी त्यांच्या वडिलांची. वडील गेले आणि काही दिवसांतच धाकटा तिच्यावरून जोरात पडला. कमरेचं हाड मोडून दवाखान्यात होता, तेवढ्यात थोरल्यानं इंजिन काढून स्वतःच्या घरी नेलं. काठी टेकत धाकटा परत आला तेव्हा अंगणात नुसता सांगाडा उभा होता. "मी मरतोय की काय असं झालेलं आणि याला वाटणीची घाई!" असं तो भर गल्लीत ओरडला. थोरला ऐकून घेऊन आत गेला आणि त्यानं दार लावलं. तेव्हापासून ते दार लागलेलंच.

आत्या आधी थोरल्याकडे गेली. उशीखालून डोकं काढल्यासारखा चेहरा करून त्यानं दार उघडलं. "मीटर तर आता आपले आपणच आकडा कळवतात ना?"

"मीटर कळवतात, माणसं नाही कळवत. चहा टाका."

सगळं ऐकून तो म्हणाला, "त्याला विचारा. तो विकत असेल तर मी विकणार नाही."

मग ती धाकट्याकडे गेली. धाकट्यानंही अगदी तेच सांगितलं, फक्त आवाज चढवून.

आत्यानं मालकाला बजावलं, "यात घाई करायची नाही. मला एकदोन महिने द्या." पण मालकाचा दम निघेना. इतकी वर्षं भिंतीवर बघितलेली गाडी पाच गल्ल्यांपलीकडे आहे म्हटल्यावर त्याची झोप उडाली. एका रविवारी आत्याला न सांगता तो एकटाच गेला. थोरल्यापुढे इंजिनाची मागणी घातली, मग शेजारी जाऊन धाकट्यापुढे सांगाड्याची. भिंत काही उंच नव्हती आणि त्याचा आवाज हळू नव्हता.

आत्याला कुठूनतरी कुणकुण लागली आणि ती धावत पोचली तेव्हा दोघे भाऊ आपापल्या अंगणात, भिंतीच्या दोन बाजूंना उभे होते. मालक धाकट्याच्या अंगणात फडक्यानं स्वतःचंच टक्कल पुसत होता.

"बाबांची गाडी विकायला निघालास?" थोरला ओरडत होता.

"कसली गाडी? चाकं आहेत माझ्याकडे! गाडी तर तू पळवलीस!"

"पळवली असती तर इतकी वर्षं सांभाळली असती?"

"मग मी काय टाकलं होतं? गंजाचा एक ठिपका दाखव सांगाड्यावर! ये, बघ येऊन!"

"तूच ये! आठवड्यातून एकदा इंजिन हातानं फिरवतो मी, जाम होऊ नये म्हणून. सुरू करायला गेलास तर एका किकमध्ये होईल."

"एका किकमध्ये? तुझ्या टेबलावर?"

आत्या मध्ये पडणार तोच धाकट्याच्या बायकोनं तिचा हात धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू. "थांबा, ताई. भांडतायत, पण बोलतायत ना."

आत्या थांबली. दोघे दमल्यावर मात्र तिनं मोठ्यानं विचारलं, "एका किकमध्ये सुरू होते म्हणताय, तर जोडून दाखवा की. की नुसत्या गप्पा?"

कोणी हो म्हटलं नाही. पण पुढच्या रविवारी थोरल्यानं इंजिन हातगाडीवर घालून धाकट्याच्या पडवीत आणलं. इंजिन घोंगडीतून बाहेर काढलं तर ते लख्ख, तेलाचा हलका हात फिरवलेलं. धाकट्यानं वाशांवरून सांगाडा उतरवला. त्याच्या स्पोक्सवरसुद्धा धूळ नव्हती. दोघांनी एकमेकांचं काम डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघून घेतलं.

थोरला शनिवारची रात्र भट्टीवर काढून यायचा, धाकट्याला फक्त रविवारी सुट्टी. त्यामुळे काम रविवारीच चालायचं, आणि मधले सहा दिवस दोघे आपापल्या घरात बसून दुसऱ्याच्या चुका आठवायचे. आत्या दर रविवारी हजर. तिचं काम बॅटरी धरायचं. मालकही यायला लागला. पहिल्या दिवशी दोघा भावांनी त्याला फाटकाबाहेर उभं केलं, पण कार्बोरेटरचा एक बारीक सुटा भाग हरवला होता आणि तो फक्त त्याच्याकडे निघाला, तेव्हा त्याला आत घ्यावं लागलं. मग तो कोपऱ्यात स्टुलावर बसून पितळी कडं पुसायचा. विकत घ्यायचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

तिसऱ्या की चौथ्या रविवारची गोष्ट. इंजिन सांगाड्यात बसवत होते. खालून धाकटा बोल्ट आवळत होता, वरून थोरल्यानं इंजिन पेललेलं. पाना फिरवता फिरवता धाकटा म्हणाला, "एक सांग. न्यायचीच होती तर अख्खी का नाही नेलीस?"

थोरल्यानं इंजिनावरची पकड बदलली. "न्यायची असती तर अख्खी नेली असती. इंजिन नसलं की तू चालवणार नाहीस, म्हणून इंजिन नेलं."

"म्हणजे?"

"तू दवाखान्यात होतास. आईनं मला शपथ घातली. म्हणाली, नवरा गेला तो गेला, आता हा नको. बरा झाला की हा पुन्हा त्या गाडीवर बसणार, तू काहीतरी कर. मी काय करणार? तू माझं कधी ऐकलंयस?"

"मग सांगायचं नाही?"

"मला वाटणीची घाई झालीय असं तू भर गल्लीत ओरडलास. त्यानंतर काय सांगायचं?"

धाकट्याच्या हातातला पाना थांबला. आत्या नंतर आम्हाला सांगायची, "मी बॅटरी हलू दिली नाही. मला वाटलं, हलली तर कोणीतरी काहीतरी लपवेल." धाकटा गाडीखालीच पडून होता. त्याचा चेहरा दिसत नव्हता. थोड्या वेळानं खालून आवाज आला, "आईनं पण जाईपर्यंत मला कधी सांगितलं नाही."

"तिला वाटलं असेल मी सांगितलंय."

"दादा, जरा उजवीकडे उचल. बोल्ट बसत नाहीये."

थोरल्यानं उचललं. 'दादा' हा शब्द इतक्या वर्षांनी कानावर पडला होता. आत धाकट्याची बायको कपबश्या विसळत होती, तिच्या हातून एक बशी फुटली.

गाडी पुरी जोडून झाली तो दिवस मी स्वतः पाहिलाय. आत्यानं आम्हा सगळ्यांना ओढत नेलं होतं. अंगणात गाडी उभी होती आणि मालक तिच्याभोवती मुक्यासारखा फिरत होता. पेट्रोल घातलं. थोरल्यानं किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. तो चांगला आडव्या अंगाचा, चार किकमध्येच धापा टाकत खाली बसला. धाकट्याच्या कमरेला तो झटका सोसणारा नव्हता आणि बायको त्याला जवळही जाऊ देईना. मालकानं फडकं खांद्यावरून काढून पुढं पाऊल टाकलं, तर दोघे भाऊ एका सुरात म्हणाले, "तुम्ही नाही!"

"मग मी," आत्या म्हणाली.

वडील घाबरले. "ताई, तुझं वय..."

"माझं वय ऑफिसनं काढलं तेवढं पुरे."

तिनं साडीचा पदर खोचला, कापडी बूट किकवर ठेवला आणि सगळं अंग घालून पाय खाली दाबला. जन्मभर जिने चढलेले पाय ते. पहिल्या वेळी गाडी नुसती खोकली. दुसऱ्या वेळी धूर आला. तिसऱ्या किकला ती अशी धडधडत सुटली की भिंतीवरची मांजर पलीकडे पडली आणि आत्या दचकून वडिलांच्या गळ्यात. थोरला हसत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. धाकटा हँडल घट्ट धरून उभा होता. अंगण धुरानं भरलं तरी कोणी बंद करा म्हणेना.

आम्हाला वाटलं, आता ही गाडी या घरातच राहणार. पण महिन्याभरानं दोघे भाऊ मिळूनच शोरूममध्ये आले. थोरला म्हणाला, "आम्ही विकतो."

गंमत म्हणजे मालक आनंदानं उडी मारायच्या ऐवजी गोंधळून आत्याकडे बघायला लागला, आणि आत्याच भांडायला उठली. "अहो, एवढं सगळं झाल्यावर? तुम्हा दोघांना जोडलं तिनं!"

"तेच तर," धाकटा म्हणाला. "ताई, माझी कंबर ही अशी. दादाला दम लागतो. मुलींना गाडीचं काही नाही. पुन्हा वाशांना टांगून काय करू? एवढी वर्षं अंधारातच होती बिचारी."

"जो चालवेल त्यालाच द्या," थोरला मालकाला म्हणाला. "काचेत उभी करणाऱ्याला नाही. एवढीच अट."

मालकानं ती अट पाळली, आणि त्यासाठी दोन चांगली गिऱ्हाइकं परत पाठवली हे मी त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. तोवर गाडी शोरूमच्या मधोमध उभी होती आणि दर रविवारी दोघे भाऊ तिथं येऊन इतर बघ्यांना तिची माहिती सांगायचे. एकानं सांगितलेलं दुसरा खोडून काढायचा.

शेवटी लांबून एक दातांची डॉक्टर आली. चाळिशीची, अबोल. सोबत ट्रक नव्हता, हातात हेल्मेट होतं. तिनं गाडी हळूहळू फिरून बघितली, मग म्हणाली, "इथूनच चालवत नेईन म्हणते. रस्त्यात बंद पडली तर कोणाला फोन करू?"

दोघा भावांनी एकदमच आपापला नंबर सांगितला.

ती निघाली तेव्हा आम्ही सगळे रस्त्यावर उभे होतो. गाडी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली तरी आवाज बराच वेळ येत राहिला. दोघे भाऊ मान तिरकी करून ऐकत होते.

"तिसऱ्या गिअरला खडखडतेय," थोरला म्हणाला.

"चेन तू सैल ठेवलीस."

"मी? चेन तुझ्याकडे होती!"

तिथून जे सुरू झालं ते अजून चालू आहे. मधल्या भिंतीत त्यांनी दार पाडून घेतलं. थोरल्यानं भट्टी सोडली आणि धाकट्यानं लिफ्ट. दोघे मिळून मालकाच्या मोडक्या गाड्या पडवीत दुरुस्त करतात आणि दिवसभर एकेका स्क्रूवरून वाद घालतात. धाकट्याची बायको आत्याला म्हणते, "ताई, अबोला होता तेव्हा निदान दुपारी झोप तरी लागायची." पण तीन कप चहा ती त्याच पडवीत घेऊन जाते आणि तिथंच पिते.

आत्याचे गुडघे आता थकले आहेत. दारोदार फिरणं होत नाही. मालकानं तिच्यासाठी शोरूममध्ये एक हातांची खुर्ची ठेवलीय आणि ती रोज चार तास तिथं बसते. शनिवार-रविवारी जे नुसतेच बघायला येतात, हात मागं बांधून, त्यांच्यावर तिचं बारीक लक्ष असतं. मालक फोनवर बोलत आत गेला की ती एखाद्याला हळूच खुणावते, "बसा की गाडीवर. मी बघते इकडे." आणि मालक गेला त्या आतल्या दरवाजाकडे तोंड करून, चष्मा पुसत, तो माणूस समाधानानं खाली उतरेपर्यंत बसून राहते.